संकेतार्थाचे बडोदे

गेल्या दिवाळीत आम्ही बडोद्यास एका जुन्या स्नेह्यांकडे उतरलो असता त्यांच्या नातीची इंग्रजीची वही सहज हाती आली. एका वाक्याखाली तांबडी रेघ होती. वाक्य असे : ‘इफ यू वुड हॅव टोल्ड मी, आय वुड हॅव कम.’ समासात फुली, आणि खाली शिक्षकांच्या अक्षरात शुद्ध वाक्य : ‘इफ यू हॅड टोल्ड मी, आय वुड हॅव कम.’ कारण कोठेही लिहिलेले नव्हते. मुलगी इंग्रजी माध्यमात शिकणारी, घरात मराठी, दाराबाहेर गुजराती. वही परत देताना तिने आम्हांस विचारले, ‘‘आजोबा, आपण म्हणतो, तू सांगितलं असतंस तर मी आले असते. दोन्हीकडे ‘असते’. मग इंग्रजीत एकीकडे ‘हॅड’ आणि दुसरीकडे ‘वुड हॅव’ असं का?’’

प्रश्न रास्त होता. किंबहुना तो विचारणारी मुलगी व्याकरणाच्या ज्या जागी उभी होती, तेथपर्यंत तिची चूक दाखवणारे पोहोचलेच नव्हते. तिचे वाक्य निष्काळजीपणाने चुकलेले नव्हते. एका भाषेचा नियम निष्ठेने पाळल्यामुळे ते दुसऱ्या भाषेत चुकले होते. बेळगाव-निपाणीपासून भालकी-औरादपर्यंत आणि सुरत-नवसारीपासून इंदूरपर्यंत पसरलेल्या आमच्या वाचकांच्या घरांत हेच वाक्य, हीच रेघ आणि हेच मौन नित्य आढळत असेल. म्हणून त्या मुलीस तेव्हा घाईने दिलेल्या अपुऱ्या उत्तराची भरपाई येथे करावी असे योजले आहे. आणि बडोद्यातील प्रश्नाचे उत्तर बडोद्याच्याच इतिहासातून द्यावे, हे आम्हांस अधिक सोयीचे वाटते. कारण इंग्रजी संकेतार्थाचे जवळजवळ सगळे प्रकार त्या नगरीने 1874 आणि 1875 या दोन वर्षांत प्रत्यक्ष भोगले आहेत.

प्रथम नावाचा खुलासा. मराठी व्याकरणात क्रियापदाचे चार अर्थ सांगतात : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. एक गोष्ट घडली तर दुसरी घडेल, वा घडली असती तर दुसरी घडली असती, असा संकेत क्रियापदाच्या रूपातून निघतो तेव्हा तो संकेतार्थ. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण 1836 साली छापले गेले, मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911 साली आले. या पाऊणशे वर्षांत आपल्या व्याकरणकारांनी इंग्रजी आणि संस्कृत अशा दोन्ही मापांनी मराठी मोजून पाहिली. कोठे माप बसले, कोठे बसले नाही. संकेतार्थ ही न बसणाऱ्या जागांपैकी एक आहे. दादोबा स्वतः सुरतेस इंग्रजी शाळेत शिक्षक होते आणि 1844 साली दुर्गाराम मेहताजींबरोबर मानवधर्मसभेच्या स्थापनेत त्यांचा हात होता, हे येथे जाता जाता नोंदवतो. मराठीचा पहिला मोठा व्याकरणकार गुजरातेत इंग्रजी शिकवीत होता. तेव्हा आमच्या छोट्या मैत्रिणीचा प्रश्न त्या भूमीस नवा नसावा.

आता 1874 कडे वळू. खंडेराव गायकवाड 1870 साली वारले आणि त्यांचे बंधू मल्हारराव गादीवर आले. राज्यकारभाराविषयी तक्रारी वाढल्या. 1873 साली कर्नल फेअर रेसिडेंट म्हणून आले आणि त्याच वर्षी कर्नल मीड यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी मंडळ बसले. त्याचा अहवाल प्रतिकूल होता. त्यावर व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांनी जुलै 1874 मध्ये महाराजांस खलिता धाडला. त्याचा आशय थोडक्यात असा की, कारभार सुधारण्यास 31 डिसेंबर 1875 पर्यंत अवधी आहे. तोवर सुधारणा झाली नाही तर राज्याधिकार काढून घेतला जाईल.

हा खलिता म्हणजे एक संकेतार्थी वाक्य आहे. मूळ मजकूर दरबारी वळणाचा होता. त्याचा केवळ सांगाडा आजच्या शालेय इंग्रजीत आम्ही असा मांडतो : ‘इफ द महाराजा डज नॉट रिफॉर्म, ही विल बी रिमूव्ड.’ अटीच्या अर्ध्यात साधा वर्तमानकाळ, फळाच्या अर्ध्यात ‘विल’. शाळेत यास पहिला प्रकार म्हणतात. अट अजून उघडी आहे, ती पुरी होऊही शकते, न होऊही शकते. बोलणारा दोन्ही शक्यता खऱ्या धरतो. म्हणूनच अशा वाक्यात धमकी देता येते, वचन देता येते, करार करता येतो.

आता हेच मराठीत सांगा : ‘महाराजांनी सुधारणा केल्या नाहीत तर त्यांना दूर केले जाईल.’ वाचकहो, ‘केल्या’ हे रूप पाहा. सुधारणा पुढच्या दीड वर्षात व्हावयाच्या आहेत, आणि क्रियापद मात्र भूतकाळी आहे. ‘पाऊस पडला तर’, ‘तू आलास तर’, ‘पैसे मिळाले तर’ : मराठीत उघडी अट बहुधा भूतकाळी रूपाने सांगितली जाते, कारण मराठीचे लक्ष काळाकडे नसून क्रिया पुरी होण्याकडे असते. पाऊस पडण्याची क्रिया एकदा पुरी झाली की मग पुढचे. शासकीय मराठीतील ‘अर्ज न केल्यास’, ‘विलंब झाल्यास’ हीही त्याच भूतकाळी रूपाची लेकरे.

याचा परिणाम असा होतो की, मराठी मुलगा ‘केल्या नाहीत’ याचे शब्दशः भाषांतर करून ‘इफ द महाराजा डिड नॉट रिफॉर्म’ असे लिहितो. इंग्रजीत तेवढ्याने वाक्याचा सगळा नूर पालटतो. ‘इफ ही डिड नॉट रिफॉर्म, ही वुड बी रिमूव्ड’ हा दुसरा प्रकार झाला. त्यात बोलणारा म्हणतो की हे काही घडण्यासारखे नाही, पण समजा घडले, तर असे होईल. नॉर्थब्रुकसाहेबांनी तसे लिहिले असते तर खलित्याची धमकी गळून पडून तो एक सभ्य कल्पनाविलास उरला असता. इंग्रजी ‘डिड’ येथे भूतकाळ सांगत नाही. ते वास्तवापासूनचे अंतर सांगते. हा एक मुद्दा समजला की इंग्रजी संकेतार्थाचे अर्धे कुलूप उघडते : खऱ्या शक्यतेसाठी वर्तमानकाळ, आजच्या अवास्तव कल्पनेसाठी एक पायरी मागे म्हणजे साधा भूतकाळ, आणि होऊन गेलेल्या गोष्टीविरुद्धच्या कल्पनेसाठी आणखी एक पायरी मागे म्हणजे ‘हॅड’सह पूर्ण भूतकाळ. वास्तवापासून जितके दूर, तितका काळ मागे.

‘आय वेअर’ हे विचित्र रूपही याच पायऱ्यांवरचे. ‘इफ आय वेअर द दिवाण’ म्हणजे मी दिवाण नाही, पण असतो तर. त्या साली बडोद्याचे दिवाणपद दादाभाई नौरोजींकडे होते. रेसिडेंटशी पटेना, महाराजांचे जुने सल्लागार बाजूस होईनात, तरी त्यांनी सुधारणांस हात घातला. रेसिडेन्सीत बसून ‘मी दिवाण असतो तर’ असे म्हणणारे तेव्हा अनेक असतील. दादाभाईंस मात्र ते वाक्य उपलब्ध नव्हते, कारण ते दिवाण होते. जी गोष्ट खरी आहे तिच्यासाठी दुसरा प्रकार चालत नाही.

9 नोव्हेंबर 1874 रोजी फेअर यांच्या सरबतात विष आढळले. फेअर यांनी एकदोन घोटच घेतले होते; पेल्याच्या तळाशी उरलेल्या साक्यात सोमल आणि हिऱ्याची पूड असल्याचे निष्पन्न झाले. फेअर यांच्या जागी सर लुई पेली आले. जानेवारी 1875 मध्ये दादाभाईंनी राजीनामा दिला, आणि त्याच महिन्यात मल्हाररावांस कैद करण्यात आले. विषप्रयोगाच्या चौकशीसाठी सहा सदस्यांचे मंडळ बसले : तीन युरोपीय, आणि ग्वाल्हेरचे महाराज, जयपूरचे महाराज व सर दिनकरराव राजवाडे असे तीन एतद्देशीय. महाराजांच्या बचावासाठी विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन हे नामांकित वकील आले. मंडळात मतांची बरोबर दुफळी झाली. तिघा युरोपीयांनी आरोप सिद्ध मानला. तिघा एतद्देशीयांनी तसे मानले नाही.

मग एप्रिल 1875 मध्ये मल्हाररावांस पदच्युत केले गेले, ते विषप्रयोगासाठी नव्हे, तर गैरकारभारासाठी आणि सुधारणा करण्यातील असमर्थतेसाठी. म्हणजे ज्या अटीची मुदत 31 डिसेंबर 1875 ला संपावयाची होती, तिचे फळ आठ महिने आधीच हाती देण्यात आले. ‘जर’चा अर्धा पुरा होण्यापूर्वी ‘तर’चा अर्धा अमलात आला. मल्हाररावांचा कारभार निर्दोष होता असे आमचे म्हणणे मुळीच नाही. त्यावर इतिहासकारांनी लिहिले आहे ते पुरेसे बोलके आहे. पण दिलेल्या अटीची मुदत पाळणे हा संकेतार्थाचा प्राण आहे, आणि तो येथे कोणी राखला नाही, एवढे म्हटल्याशिवाय राहवत नाही. सीमाभागातील मराठी माणसास मुदती आणि आश्वासने यांचे व्याकरण थोडे अधिक कळते.

येथे तिसरा प्रकार येतो, ज्यात आमची छोटी मैत्रीण अडखळली होती. ‘विषाचा प्रकार घडला नसता तर मल्हाररावांना डिसेंबरअखेरपर्यंत अवधी मिळाला असता.’ मराठीत दोन्ही अर्ध्यांत एकच रूप : ‘नसता’, ‘असता’. इंग्रजीत मात्र : ‘इफ द पॉयझनिंग हॅड नॉट ऑकर्ड, मल्हारराव वुड हॅव हॅड टाइम.’ अटीच्या अर्ध्यात ‘हॅड’, फळाच्या अर्ध्यात ‘वुड हॅव’.

हे असे का, याचे उत्तर दोन भाषांच्या स्वभावात आहे. मराठीपाशी संकेतार्थासाठी एक स्वतंत्र रूपच आहे, आणि संपूर्ण वाक्य अवास्तव आहे हे ती दोन्ही अर्ध्यांवर सारखाच शिक्का मारून सांगते. त्या रूपाचे वेगळेपण कानाला पटकन जाणवत नाही, म्हणून उदाहरण देतो. रोजच्या सवयीचे वर्तमान घ्या : तू असतोस, तो असतो, ती असते. आता संकेतार्थ घ्या : तू असतास, तो असता, ती असती. दोन्ही जवळची भावंडे, पण एक नव्हेत. ‘मी असतो’, ‘मी असते’ अशा ठिकाणी मात्र ती एकमेकांत मिसळतात. इंग्रजीपाशी असे खास रूप आज फारसे उरलेले नाही. ‘आय वेअर’ हा जुन्या रूपाचा एक अवशेष. म्हणून ती अटीच्या अर्ध्यात काळ मागे सारून अवास्तवता दाखवते आणि फळाच्या अर्ध्यात ‘विल’चे मागे सारलेले रूप, म्हणजे ‘वुड’, ठेवते. ‘विल’ असो वा ‘वुड’, ते पुढे काय होईल हे सांगते. अटीचा अर्धा काहीच सांगत नाही, तो केवळ गृहीत धरतो. म्हणून ‘वुड’चे घर ‘तर’च्या बाजूस. ‘जर’च्या बाजूस ते आले की परके वाटते. अपवाद एवढाच, की ‘आपण कृपा करून याल तर’ अशा विनंतीत ‘इफ यू वुड’ चालते. तेथे ‘वुड’ भविष्य सांगत नाही, समोरच्याची इच्छा विचारते.

एक सांत्वनपर गोष्टही सांगून ठेवतो. तांबडी रेघ ओढलेले ते वाक्य इंग्रजी हीच ज्यांची मातृभाषा, विशेषतः अमेरिकेत, त्यांच्याही बोलण्यात सर्रास ऐकू येते. लिखित इंग्रजीत ते अद्याप अमान्य आहे आणि परीक्षेत त्याचे गुण जातात, हे खरे. पण दोन्ही अर्ध्यांवर एकच शिक्का असावा ही ओढ केवळ मराठी मनाची नाही.

आपल्यापुरती ती फार जुनी मात्र आहे. संस्कृतात ‘लृङ्’ हा लकार क्रियातिपत्तीसाठी, म्हणजे जी क्रिया घडावयाची ती न घडल्याच्या अर्थासाठी सांगितला आहे, आणि तो वाक्याच्या दोन्ही अर्ध्यांत वापरला जातो. पुढे प्राकृतात ते रूप मागे पडले आणि त्या अर्थी वर्तमानकालवाचक धातुसाधित येऊ लागले. बाराव्या शतकात अणहिलवाड पाटणला हेमचंद्राचार्यांनी ‘सिद्धहेम’ व्याकरण रचले, त्याच्या प्राकृतास वाहिलेल्या आठव्या अध्यायात या वापराची नोंद आहे. आपले ‘असता’, ‘करता’, ‘येता’ त्याच वळणाचे वंशज. आणि हे पाटण पुढे गायकवाडांच्या राज्यात होते. तेथील जैन भांडारांतील पोथ्यांची पाहणी बडोदे सरकारने करवली, आणि 1916 पासून गायकवाड ओरिएंटल सीरिज निघू लागली. मराठीच्या ‘असता तर’ची कुळकथा अशी बडोदे संस्थानाच्या हद्दीत सापडते, याचे आम्हांस अंमळ कौतुक वाटते.

वाचकांच्या लक्षात आले असेल की या लेखाचे पहिलेच वाक्य ‘उतरलो असता’ असे आहे, आणि तेथे कोणतीही अवास्तव कल्पना नाही. आम्ही खरोखरच उतरलो होतो. ‘असता’ हे रूप ‘तर’ जोडल्यावाचून केवळ ‘तेव्हा’ या अर्थी येऊ शकते. म्हणूनच मराठीत सगळा भार ‘तर’वर आहे. ‘जर’ गाळला तरी वाक्य उभे राहते : ‘पाऊस पडला तर येणार नाही.’ ‘तर’ गाळला की ते सहसा कोसळते. इंग्रजीत नेमके उलट. तेथे ‘इफ’ हवेच, ‘देन’ ऐच्छिक. आणि दरबारी इंग्रजी जेव्हा ‘इफ’ही गाळते, तेव्हा क्रियापद पुढे आणून त्याची जागा भरते : ‘हॅड आय नोन’, ‘शुड ही फेल’. करारपत्रांत आणि नेमणूकपत्रांत ही रूपे आजही भेटतात. मराठी डोळ्यास ती प्रश्नासारखी दिसतात. एका सुशिक्षित गृहस्थांनी ‘शुड यू डिक्लाइन’ने आरंभलेल्या पत्रास ‘नो, आय शुड नॉट’ असे उत्तर धाडल्याचे आम्हांस ठाऊक आहे.

आता शेजारच्या भाषांकडे पाहू, कारण सीमेवरच्या माणसाच्या कानात एकच भाषा कधी नसते. गुजरातीत उघडी अट बहुधा भविष्यकाळाने सांगतात : ‘जो तमे आवशो तो हुं पण आवीश.’ म्हणून बडोद्याच्या मुलांच्या इंग्रजीत ‘इफ यू विल कम’ अधिक सापडते, आणि त्यांच्या मराठीतही ‘आलास तर’च्या जागी ‘येशील तर’ आमच्या कानांवर वारंवार पडले. ते अशुद्ध नाही. पण वारा कोणत्या दिशेचा आहे ते कळते. कन्नडात पाहा : ‘नीवु बंदरे नानू बरुत्तेने.’ ‘बंदरे’ हे ‘बंद’ या भूतकाळी अंगास ‘अरे’ लागून झाले आहे. म्हणजे थेट आपले ‘आलात तर’. कोकणीतले ‘तूं आयल्यार हांव येतलों’ हेही तसेच. भाषाकुळे निराळी असूनही बेळगावच्या बाजारातील मराठी आणि कन्नड उघडी अट एकाच रीतीने बोलतात. उलट मराठीची सख्खी बहीण गुजराती वेगळी वाट घेते.

तिसऱ्या प्रकारात हे नाते फिरते. गुजराती ‘होत’ दोन्ही अर्ध्यांत ठेवते : ‘जो तें कह्युं होत तो हुं आव्यो होत.’ म्हणजे येथे ती मराठीसारखी. कन्नड मात्र ‘नीनु हेळिद्दरे नानु बरुत्तिद्दे’ म्हणते. दोन अर्ध्यांत दोन निराळी रूपे, इंग्रजीप्रमाणे. तेव्हा बेळगावच्या मराठी मुलास, त्याला कन्नड येत असेल तर, ‘हॅड’ आणि ‘वुड हॅव’चा भेद कन्नडाच्या दाखल्याने चटकन समजावा. आमची बाजू भाषेच्या हक्काची आहे, कोणत्या भाषेच्या द्वेषाची नाही. जेथे शेजाऱ्याची भाषा उपयोगी पडते तेथे ती घ्यावी. बडोद्याच्या मुलास ही सवलत नाही. त्याच्या दोन्ही भाषा त्याला एकाच खड्ड्याकडे नेतात, आणि म्हणून त्याला नियम उघड करून सांगणारा शिक्षक अधिक हवा.

असे शिक्षक बडोद्यास एके काळी होते, ही काही केवळ गतकाळाची स्तुती नव्हे. मल्हाररावांनंतर खंडेरावांच्या विधवा जमनाबाई यांनी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा बारा वर्षांचा गोपाळ दत्तक घेतला. मे 1875 मध्ये तो सयाजीराव झाला. त्यास लिहितावाचता येत नव्हते. इलियट या इंग्रज शिक्षकाच्या देखरेखीखाली मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषांतून त्याचा अभ्यास सुरू झाला. दिवाण होते सर टी. माधवराव, तंजावरकडील मराठी घराण्यातले, कुंभकोणमला जन्मलेले. 28 डिसेंबर 1881 रोजी महाराजांस पूर्ण अधिकार मिळाले. त्याआधी माधवरावांनी त्यांस राज्यकारभारावर इंग्रजीत व्याख्याने दिली, ती ‘मायनर हिंट्स’ या नावाने छापली गेली. एक तंजावरी मराठी, एक खानदेशाच्या सीमेवरचा मराठी, मध्ये इंग्रजी, आणि भोवती गुजराती नगर. राजनीतीचा उपदेश म्हटला की त्याचे व्याकरण संकेतार्थीच असते : राजाने असे केले तर तसे होईल. सहा वर्षांपूर्वी ज्याला मुळाक्षरे येत नव्हती त्याला ही वाक्ये इंग्रजीत ऐकून तोलावी लागली. ती त्याने कशी तोलली हे पुढच्या कारभारात दिसले. 1893 साली अमरेली तालुक्यात आणि 1906 साली सर्व संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले, तेव्हा मुलास शाळेत न धाडल्यास पालकास दंड अशी तजवीज होती. हा ‘न धाडल्यास’ खलित्यातल्या अटीसारखाच पहिल्या प्रकारचा; फरक इतकाच की येथे अट आणि अंमल यांचा क्रम पाळला गेला.

कॉलेजातील चित्र थोडे निराळे. 1893 साली विलायतेहून आलेले अरविंद घोष पुढे बडोदे कॉलेजात इंग्रजीचे प्राध्यापक झाले. सातव्या वर्षापासून इंग्लंडात वाढल्यामुळे त्यांचे इंग्रजी मातृभाषेसारखे होते. मराठी आणि गुजराती ते बडोद्यासच शिकले. त्यांनी पुढे सांगितलेली एक आठवण प्रसिद्ध आहे. विद्यार्थी प्राध्यापकाचा प्रत्येक शब्द उतरून घेत आणि पाठ करीत, हे पाहून त्यांस आश्चर्य वाटले. शिवाय परीक्षक असलेल्या मुंबईच्या प्राध्यापकांच्या टिपणांचा शोध असे तो वेगळाच. उतरून घेणे आणि समजून घेणे यांतील दरी तेव्हाही होतीच.

ती दरी बुजवण्याचे काम मराठी मुलांपुरते तर्खडकरांच्या भाषांतरपाठमालेने पिढ्यान्‌पिढ्या केले. मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत, अशी वाक्ये चढत्या क्रमाने. वाक्ये कधी हास्यास्पद होती, ‘तर्खडकरी इंग्रजी’ हा शब्द थट्टेचा झाला, ते सारे मान्य. पण दोन्ही दिशांनी जाणे-येणे असल्यामुळे मुलाला दोन भाषांच्या मधली पायरी पायाला लागत असे. 1930 च्या दशकात रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण आले आणि त्याने देशभरच्या शाळा व्यापल्या. त्यांतील पर्सिव्हल रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीस होते आणि ‘बो जेस्ट’ ही 1924 सालची साहसकथाही त्यांचीच. पुस्तक उत्तम आहे, आम्हीही त्यावरच वाढलो. पण ते सर्व हिंदुस्थानसाठी लिहिलेले. कोणा एका भाषेच्या मुलाचा पाय कोठे घसरतो हे त्यात असणे शक्य नव्हते. आणि पहिला, दुसरा, तिसरा अशी क्रमवारी ही तर परदेशी विद्यार्थ्यांस इंग्रजी शिकवणाऱ्यांची विसाव्या शतकातील सोय. क्रमांक पाठ होतात. ‘अनलेस’च्या मागे ‘नॉट’ का लावायचे नाही, ‘जोपर्यंत तू येत नाहीस’ याचे ‘अन्टिल यू डू नॉट कम’ का होत नाही, हे क्रमांकांनी सुटत नाही. मराठी जेथे ‘नाही’ उच्चारते तेथे इंग्रजीने ते शब्दाच्या पोटातच घातलेले असते, हे कोणीतरी मराठीतून सांगावे लागते.

1931 साली बडोदे सरकारने ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा राज्यकारभाराचा आठ भाषांतील कोश काढला. इंग्रजी संज्ञेसमोर गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली प्रतिशब्द. एका नगराच्या कचेरीत भाषा शेजारी शेजारी ठेवण्याची केवढी ही हौस. 1 मे 1949 रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, 1 मे 1960 रोजी बडोदे गुजरातेत गेले. आपल्याकडे झेंडे लागतात त्या तारखेस तेथील मराठी घरे दुसऱ्या राज्याची रहिवासी झाली.

बेळगावी परतल्यावर आम्ही त्या मुलीस लांब पत्र लिहिले, आणि सरावासाठी एक वाक्य मुद्दाम अवघड दिले : ‘मल्हारराव पदच्युत झाले नसते तर आज सयाजीरावांच्या नावाचे विद्यापीठ नसते.’ अट भूतकाळातली, फळ आजचे. मराठीत दोन्हीकडे ‘नसते’च, इंग्रजीत अटीस ‘हॅड नॉट बीन’ आणि फळास ‘वुड बी’, ‘हॅव’ न लावता, कारण विद्यापीठ आज उभे आहे.

उत्तर आले. आमचे वाक्य तिने बिनचूक केले होते. खाली स्वतःचे एक जोडले होते, आधी मराठीत : ‘बडोदे मुंबई राज्यातच राहिले असते तर आज आमच्या शाळेत मराठीचा तास असता.’ आणि मग इंग्रजीत : ‘इफ बरोडा हॅड रिमेन्ड इन बॉम्बे स्टेट, अवर स्कूल वुड हॅव अ मराठी क्लास टुडे.’ ‘वुड हॅव’च्या पुढे तिने आधी ‘हॅड’ लिहिले होते. त्यावर एक रेघ होती, निळ्या शाईची, तिची स्वतःची.